दिवा कुणाचं ऐकतो

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री काय घडलं, ते आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपाला किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग लावलेला, आणि नाटकाला आलेल्या जॅक्सनवर अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या. लिहिणारे सगळे पिस्तुलावर लिहितात, आणि ते बरोबरच आहे. पण माझा धंदा लायटिंगचा. त्यामुळे त्या रात्रीचं वर्णन वाचताना माझं लक्ष हटकून दुसऱ्याच एका माणसाकडे जातं, ज्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. नाटक कंपनीचा दिवेवाला.

संगीत नाटकाच्या त्या भरभराटीच्या काळात मंडळ्यांच्या सामानात पडदे, पेट्या, दागिने यांच्याबरोबर किटसनचे दिवे असत. टाकीत रॉकेल, त्यावर हवेचा दाब, तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ, आणि ती वाफ मेंटलच्या जाळीवर पेटली की पांढराशुभ्र उजेड. तेलाच्या दिव्यांपुढे हा उजेड म्हणजे दिवसच. पण त्याला एक खोड होती. तो एकदा पेटला की पेटला. हळूहळू मंद हो, मग पुन्हा उजळ, असं त्याला सांगायची सोय नव्हती. जुन्या संगीत नाटकांत पहाट, चांदणं, सांजवेळ हे सगळं पदांतून का येतं, याचं काव्यशास्त्रातलं कारण जे काय असेल ते असो; माझ्या मते एक कारण दिव्याच्या टाकीतही होतं. रात्र झाल्याचं दिवा सांगू शकत नव्हता, म्हणून नटाने ते गाऊन सांगायचं.

त्याच्या आधी तर दिवा माणसाच्या हातातच होता. गोंधळात दिवटी धरणारा अजूनही असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावेंनी ‘सीतास्वयंवर’ केलं तो जमाना तेलाच्या दिव्यांचा. लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये पूर्णपणे विजेच्या दिव्यांवर आलं. आपल्याकडे वीज शहरातल्या नाट्यगृहांत आधी आली, आणि गावोगावच्या तंबूंत, जत्रांत, वरातींत गॅसबत्तीच पुढची कित्येक वर्षं चालली. वरातीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या बायामाणसांची रांग मी स्वतः लहानपणी पाहिली आहे. सगळा उजेड त्यांच्या डोक्यावर, आणि फोटोत मात्र त्या कुठेच नसायच्या.

नाशिकला उजेडाचा आणखी एक मोठा माणूस होऊन गेला. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्यानंतर त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला आणि इथेच चित्रपट काढले. त्यांचा मुख्य दिवा सूर्य. ढग आला की काम थांबायचं. हेच फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावाने जादूचे प्रयोगही करत, आणि उजेड कुठे पाडायचा यापेक्षा कुठे पाडायचा नाही यात जादू असते, हे ज्याला कळतं तो माणूस आमच्या बिरादरीचाच म्हणायचा. असो. सूर्याला काही क्यू, म्हणजे आता उजेड बदल अशी खूण, देता येत नाही, तेव्हा फाळक्यांना इथे सोडून पुढे जाऊ.

मी हे काम शिकलो ते एका वायरमन काकांच्या हाताखाली. सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि शालिमारजवळचं महाकवी कालिदास कलामंदिर ही आमची दोन देवळं. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून चालू आहे. नाशिक केंद्रावर नाटकं लागली की काकांना दम घ्यायला फुरसत नसे. दिवसा कारखान्यात नोकरी आणि रात्री नाटक, अशी बहुतेकांचीच तऱ्हा. लिहिणाऱ्यांच्या बाबतीत या गावाची चैन होती. कुसुमाग्रज इथे, वसंत कानेटकर इथे. दिव्यांच्या बाबतीत मात्र जे मिळेल त्यावर भागवायचं.

काकांच्या तरुणपणी डिमर म्हणजे मिठाचं पाणी होतं. मातीची झिलई दिलेली बरणी, तिच्यात मीठ घातलेलं पाणी, तळाशी धातूची एक चकती आणि वरून दोरीने सोडलेली दुसरी. दोन चकत्या जवळ आल्या की पाण्यातून जास्त वीज जाऊन दिवा उजळ; लांब गेल्या की मंद. दिवा त्या दोरीचं ऐकायचा. मोठा प्रवेश असला की पाणी गरम होऊन वाफा यायच्या, आणि पाण्यात हात घालणाऱ्याचं काही खरं नसे. काका हे सांगताना हसायचे. मला ते ऐकूनच घाम फुटायचा.

मी आलो तेव्हा डिमरस्टॅट होते. लोखंडी गोल धूड, वर काळं चाक. तांब्याच्या वेटोळ्यावरून कार्बनचा ब्रश फिरतो आणि दिव्याला शून्यापासून पूर्ण व्होल्टेजपर्यंत हवं तेवढं मिळतं. एका चाकावर दोन किंवा तीन स्पॉट. दोन हातांत दोन चाकं. एक चढवायचं, एक उतरवायचं. तिसरं चाक फिरवायला कुणीतरी उभा करावा लागे, नाहीतर गुडघा. नंतर सरकपट्ट्यांचे थायरिस्टर डिमर आले तेव्हा आम्ही लाकडी फूटपट्टी आडवी धरून चार पट्ट्या एकदम ढकलायचो. कालिदासच्या लाइट रूममध्ये ती फूटपट्टी खिळ्याला टांगलेली असायची आणि तिला कुणी हात लावलेला काकांना खपत नसे.

नाटकाची एक प्रत आमच्याकडे असे. तिच्यात निळ्या पेन्सिलीने क्यू नंबर, लाल पेन्सिलीने ब्लॅकआऊट. समासात बारीक अक्षरात: ‘दार वाजतं, उजवा स्पॉट वर, सावकाश.’ या ‘सावकाश’चं माप कुठेच लिहिलेलं नसे. ते काकांच्या मनगटात होतं. मला ते शिकवताना त्यांनी एकच नियम सांगितला होता, “वाक्य संपल्यावर हात हलवलास तर उशीर झाला.” नट वाक्याच्या शेवटाकडे येतो तेव्हाच चाक निघालेलं पाहिजे. आजचा प्रयोग उद्या वेगळा असतो, नट कधी घाई करतो, कधी टाळ्यांसाठी थांबतो. हाताने ते सांभाळून घ्यायचं. काका आजारी पडले की नाटकाचा निम्मा उजेड आजारी पडायचा, कारण तो त्यांच्याशिवाय कुठे साठवलेलाच नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो जी नाटकवाले सहसा मानत नाहीत. महाराष्ट्रात दिव्यांचं प्रोग्रॅमिंग संगणकाच्या आधी गणपतीच्या मांडवात चालू होतं. मंडळांच्या रोषणाईत चक्र फिरायचं, मोर पिसारा फुलवायचा, नाग फणा काढायचा. त्यामागे, मांडवाच्या पाठीमागच्या कोपऱ्यात, एक लाकडी रूळ असे. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, प्रत्येक पट्टीची लांबी वेगळी, जागा वेगळी. छोट्या मोटारीने रूळ फिरायचा, वरून टेकलेल्या ब्रशांना पट्टी लागली की ती माळ पेटायची, पट्टी संपली की विझायची. मोराचं पीस किती वेळ पेटलेलं राहणार, ते पट्टी किती लांब कापली त्यावर. वेग बदलायचा तर मोटारीची पुली बदला. बंगालात चंदननगरच्या कारागिरांनी या विद्येचा केवढा पसारा केला ते प्रसिद्धच आहे. आमच्याकडचे रूळ त्या मानाने साधे. पण तत्त्व तेच. माणसाने एकदा ठरवायचं, वस्तूवर लिहून ठेवायचं, आणि मग ती वस्तू माणसाशिवाय रात्रभर तेच करत राहणार. ठिणग्या उडायच्या, जळक्या तांब्याचा वास यायचा, पण तो रूळ म्हणजे स्मरणशक्ती होती. आज पडद्यावर ज्याला ‘चेस’ म्हणतात तो हाच.

परदेशातही गाडी याच वाटेने गेली, फक्त मोठ्या पैशात. १९७५ साली ब्रॉडवेवर ‘अ कोरस लाइन’साठी थॅरॉन मसर या प्रकाशयोजनाकार बाईंनी तिथला पहिला संगणकी कन्सोल वापरला, ज्यात क्यू साठवून ठेवता येत. १९८१ मध्ये जेनेसिस या बँडच्या बार्सेलोनाच्या कार्यक्रमात व्हॅरी-लाइटचे स्वतः वळणारे, स्वतः रंग बदलणारे दिवे पहिल्यांदा लोकांसमोर आले. मग अडचण अशी झाली की प्रत्येक कंपनीचा डिमर आपापल्या कंपनीच्याच कन्सोलचं ऐके. त्याआधी तर प्रत्येक डिमरला वेगळी तार, तिच्यावर शून्य ते दहा व्होल्ट. शंभर डिमर म्हणजे मनगटाएवढा जाड केबलचा जुडगा. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या यूएसआयटीटी या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने एक समाईक भाषा ठरवली. डीएमएक्स ५१२. आज नाशिकच्या कुठल्याही लॉन्समधल्या हळदीत जे दिवे नाचतात ते हीच भाषा बोलतात.

तिचं काम समजायला शाळेची हजेरी आठवा. कन्सोल एकेका दिव्याला हाक मारत नाही. तो एकाच तारेवरून एक ते पाचशेबारा असे आकडे ओळीने म्हणत सुटतो, सेकंदाला जवळपास चव्वेचाळीस वेळा. प्रत्येक क्रमांकाबरोबर शून्य ते २५५ मधली एक किंमत. दिव्याला आपला क्रमांक माहीत असतो. तो आला की दिवा तिथून पुढच्या त्याच्या वाट्याच्या किमती उचलतो: ही उजेडाची, ही लाल, ही हिरवी, ही वळण्याची. बाकीच्यांशी त्याला देणंघेणं नाही. दोन दिव्यांना एकच क्रमांक दिला तर दोघं एकदम ओ देतात, आणि बऱ्याचदा तेच हवं असतं. एलईडी पार दिव्यांच्या दोन बाजूंच्या रांगा सारख्या चालवायच्या तर दोन्हीकडे तेच पत्ते द्यायचे, काम निम्मं.

मी हे शिकलो ते मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या १९२ चॅनलच्या, म्हणजे १९२ क्रमांकांच्या, काळ्या डब्यावर. आमच्या पिढीतल्या शेकडो लायटिंगवाल्यांची प्राथमिक शाळा हाच डबा. आठ सरकपट्ट्या, बारा दिव्यांची बारा बटणं, प्रत्येक दिव्याला सोळा चॅनल. बारा सोळे एकशे ब्याण्णव. पट्ट्या आठच असल्यामुळे पान अ वर पहिले आठ चॅनल, पान ब वर पुढचे आठ. तीस बँक, एका बँकेत आठ सीन, म्हणजे २४० सीन. आणि ते ओळीने धावायला सहा चेस. सोबतच्या माहितीपुस्तकाचं इंग्रजी चिनी माणसाने लिहिलेलं, आणि माझं इंग्रजी म्युनिसिपालिटीच्या शाळेतलं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. प्रोग्रॅमचं बटण तीन सेकंद दाबून धरायचं, डब्यावरचा एलईडी लुकलुकायला लागतो. दिवा निवडायचा, पट्ट्या हव्या तिथे न्यायच्या, रेकॉर्डचं बटण, मग सीनचं बटण. सगळे एलईडी तीनदा मिचकले की समजायचं, लक्षात ठेवलं. वीज गेली तरी विसरत नाही. भद्रकालीत आणि पंचवटीत लोडशेडिंगचे दिवस ज्यांनी काढले त्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत कळेल.

खरी परीक्षा पत्ते लावण्याची. त्या डब्यावर पहिल्या दिव्याचा पत्ता १, दुसऱ्याचा १७, तिसऱ्याचा ३३, असं सोळा-सोळाने पुढे, बाराव्याचा १७७. आणि त्या वेळच्या दिव्यांना मागे आकडा दाखवणारा पडदा नव्हता, बारीक खटक्यांची एक ओळ होती. पहिला खटका एकचा, दुसरा दोनचा, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. सतरा हवा तर पहिला आणि पाचवा वर. १७७ हवा तर पहिला, पाचवा, सहावा आणि आठवा. ट्रसवर, म्हणजे दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्यावर चढून, तोंडात टॉर्च धरून, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने हे करायचं. माझ्याकडे आलेली दहावी नापास पोरं हे गणित आठवड्यात तोंडी करायला लागायची. त्यांना गणितात नापास करणाऱ्यांना एकदा ट्रसवर चढवायला हवं होतं.

तारेचंही एक शास्त्र आहे. दिवे माळेसारखे एकामागून एक जोडायचे, मध्येच फाटा फोडायचा नाही. माइकची केबल दिसायला तशीच आणि स्वस्त, म्हणून सगळे तीच लावतात. छोट्या कार्यक्रमात चालून जाते, लांब पल्ल्यावर दगा देते. आणि शेवटच्या दिव्याच्या आउटमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर घातलेली पिन खोचायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या टोकाच्या मध्ये. ती नसली की सिग्नल तारेच्या टोकावर आपटून परत फिरतो, आणि मधलाच एखादा दिवा कारण नसताना झटके देऊ लागतो. दोन रुपयांच्या त्या रेझिस्टरने वाचवलेल्या सुपाऱ्या मी पाहिल्यात. लोक दिवा बदलतात, कन्सोल बदलतात, देवाला नारळ फोडतात. रेझिस्टर लावत नाहीत.

मग शार्पी आला. क्ले पाकी या इटालियन कंपनीने २०१० मध्ये काढलेला, १८९ वॉटच्या दिव्याचा, काठीसारखा सरळ झोत फेकणारा. पुढे त्याच्या नकला एवढ्या आल्या की आपल्याकडे कुठल्याही बीम लाइटला शार्पीच म्हणतात. इथे काळ्या डब्याची हद्द संपली. असा दिवा साधारण ५४० अंशांत फिरतो. एका चॅनलवर २५६ पायऱ्या, म्हणजे एक पायरी दोन अंशांहून थोडी जास्त. जवळच्या भिंतीवर कळत नाही, पण वीस मीटरवर झोत एकदम पाऊण मीटर उडी मारतो. संथ फिरवायला जावं तर झोत लंगडतो. म्हणून वळण्याला दुसरा, बारीक चॅनल असतो. दोन्ही मिळून ६५,५३६ पायऱ्या. एवढे चॅनल आठ पट्ट्यांवर हाकणं म्हणजे शिक्षाच. ॲव्होलाइट्सचे पर्ल कन्सोल आणि त्यांच्या नकला याच सुमारास भाड्याने फिरू लागल्या, आणि आमच्या धंद्यात ‘ऑपरेटर’ नावाची वेगळी जात तयार झाली, जी दिवा उचलत नाही.

आमची विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवपासून निघते आणि दादासाहेब फाळके रोडवरून पुढे जाते. जुन्या वाड्यांच्या मधला तो चिंचोळा रस्ता, पुढे नाशिक ढोल, मागे डीजेची गाडी, गाडीवर ट्रस आणि ट्रसवर शार्पी. यातल्या किती गाड्यांवर कुणी काही प्रोग्रॅम केलेलं असतं? फार थोड्या. बाकीचे दिवे ‘साउंड’ किंवा ‘ऑटो’वर. आत एक माइक असतो, ठोका पडला की दिवा कुठेतरी वळतो, काहीतरी रंग घेतो. म्हणजे तो कुणाचंच ऐकत नाही. मला याचा राग येतो हे मान्य करतो. लाकडी रुळावर पट्टी ठोकणाऱ्याने निदान मोराचा विचार केला होता.

शार्पी ऑटोवर राहिला तर फार तर वाईट दिसतो. लेसरचं तसं नाही. लेसरचा झोत फारसा पसरत नाही. डोळ्यात गेला तर बुबुळामागचं भिंग तो आणखी एका टिंबावर गोळा करून थेट दृष्टिपटलावर टाकतं, आणि पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. झोत एका जागी थांबला तर धोका सर्वात जास्त. २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिकमध्येच नेत्रतज्ज्ञांकडे अशी तरुण पोरं आली, मिरवणुकीत नाचून आलेली, दृष्टिपटलाला इजा झालेली. त्यानंतर पोलिसांची बंदी आली, २०२४ मध्ये पुण्यातही आली. आमच्यातले काही जण कुरकुरले, धंदा बुडाला म्हणाले. माझं म्हणणं वेगळं आहे. झोत माणसाच्या डोक्याच्या वरच ठेवायचा, खाली येऊच द्यायचा नाही, ही मर्यादा आखून देणं हे प्रोग्रॅमिंगचंच काम. ते ज्याला येत नाही त्याच्या हातात लेसर देऊ नये. डीएमएक्सच्या मानकातही एक इशारा आहे. या भाषेत चूक तपासायची सोय नाही, आकडा वाटेत बिघडला तरी दिव्याला कळत नाही. म्हणून ज्याने जीव धोक्यात येईल असं काही, उदाहरणार्थ आतषबाजी, हिच्यावर चालवू नका. लग्नांत हारतुरे घालताना उडणाऱ्या ठिणग्यांची यंत्रं सर्रास याच तारेवर असतात.

आता माझ्याकडे शिकायला येणारी पोरं लॅपटॉपवर शिकून येतात. क्यूएलसी प्लस नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, दोन-अडीच हजारांची यूएसबी तार, आणि दिवा विकत घेण्याआधीच पडद्यावर खोटे दिवे फिरवून बघायची सोय. पत्ते, चेस, बारीक चॅनल, सगळं येतं. त्यांना मी आधी नाटकाची प्रत आणि निळी-लाल पेन्सिल देतो. बरेच जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

एक मुलगी टिकली. कॉलेजात आहे, गेल्या स्पर्धेत साईखेडकरला तिने एका नाटकाचा उजेड केला. प्रत एवढी रंगवली होती की संवाद दिसेनात. क्यू सगळे कन्सोलमध्ये साठवलेले, प्रत्येकाला सेकंदात वेळ दिलेला, ती फक्त ‘गो’ दाबणार. दुसऱ्या अंकात ओसरीवर संध्याकाळ होते, तिथे तिने नव्वद सेकंदांचा फेड ठेवला. मी म्हटलं, “एवढं लांब नको गं, साठ पुरेत, नट आज भरभर बोलला तर तू अर्ध्या संध्याकाळीत अडकशील.” ती म्हणाली, “काका, नाही अडकत. मधे एक क्यू ठेवलाय, घाई केली तर तो मारते.” प्रयोगात नटाने घाई केलीच, आणि तिने तो मधला क्यू मारलाही. तरी माझ्या मते साठच बरे होते. तिला अजून पटलेलं नाही.